कुत्र्याला सोबत घेऊन पवनाकाठच्या रानात: तयारीपासून परतीपर्यंत

मावळ आणि मुळशी या तालुक्यांत पवना, मुळशी, वरसगाव अशी धरणांची पाणी डोंगरांच्या पायथ्याशी लांबवर शिरलेली आहेत, आणि त्यांच्या काठाने करवंदीच्या जाळ्या, कारवीचे रान, गवताळ माळ आणि भातखाचरे यांतून जाणाऱ्या पायवाटा अर्ध्या दिवसाच्या भटकंतीसाठी फार सुंदर आहेत. गेली काही वर्षे मी या वाटांवर चिंगी नावाच्या गावठी कुत्रीबरोबर फिरतो. या काळात जे शिकलो, त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. कुत्रा कधीही "आता पुरे" असे म्हणत नाही. आपण पुढे चालत राहिलो तर तो कोसळेपर्यंत मागे येतो. म्हणून कुठे जायचे, किती चालायचे आणि कोठून परत फिरायचे, हे तिन्ही निर्णय सर्वस्वी आपले असतात, आणि या लेखातील प्रत्येक सूचना अखेर त्या जबाबदारीपाशी येऊन थांबते.

कुत्रा या वाटेसाठी योग्य आहे का

सुरुवात पशुवैद्यांच्या तपासणीपासून करावी. वर्षाच्या आतील पिल्लाची हाडे वाढत असतात, त्यामुळे त्याला डोंगर चढायला लावू नये. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या बाबतीत दीड वर्षापर्यंत थांबणे चांगले. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणे नीट जमत नाही, म्हणून त्यांना सह्याद्रीतील चढावर नेऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दाट केसांच्या हस्कीसारख्या जातींनाही हे हवामान मानवत नाही. आपल्याकडचा गावठी कुत्रा आणि कारवानी कुत्रा मात्र या मातीतलेच असल्याने ऊन आणि खडक तुलनेने चांगले सोसतात, तरीही त्यांच्या सोसण्यालाही मर्यादा असते.

रेबीजची लस दरवर्षी दिलेली असावी आणि तिची नोंद असलेले कार्ड सोबत ठेवावे. धरणकाठी फिरणाऱ्या कुत्र्यासाठी लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची लस तितकीच आवश्यक आहे, कारण उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात आणि पंजावरच्या लहानशा ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची लस कुत्र्याइतकीच जंगलासाठीही महत्त्वाची आहे. १९९४ मध्ये सेरेंगेटीतील सिंहांमध्ये या विषाणूची मोठी साथ आली होती आणि २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्येही हाच विषाणू आढळला. ज्या रानात बिबट्या राहतो, तेथे लस न दिलेला कुत्रा नेणे म्हणजे त्या रानाला धोक्यात घालणे आहे.

सहा ते आठ आठवड्यांची तयारी

रोज बागेत दोन फेऱ्या मारणारा कुत्रा एकदम डोंगरावर नेला, तर पहिला त्रास त्याच्या तळव्यांना होतो. तळव्यांची कातडी हळूहळू टणक व्हावी लागते. पुण्यात राहणाऱ्यांनी वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या टेकडीवर सकाळी तीन किलोमीटरपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत आठ किलोमीटरपर्यंत जावे. डांबरी रस्त्याऐवजी मुरमाड वाट निवडावी. प्रत्येक फेरीनंतर चारही पंजे हातात घेऊन पाहण्याची सवय लावली, तर पुढे रानात काटा शोधताना कुत्रा पाय ओढून घेत नाही.

याच काळात "थांब", "ये" आणि "सोड" हे तीन शब्द पक्के करून घ्यावेत. यांतील "सोड" या शब्दावर मी सर्वांत अधिक मेहनत घेतली. रानात कुत्रा काय तोंडात घेईल हे सांगता येत नाही. मेलेला उंदीर, माशाच्या गळाला लावलेले आमिष, कोणी टाकलेली कोंबडीची हाडे किंवा गवतात पडून असलेला साप. खाऊ हातात नसतानाही हा शब्द ऐकला जातो आहे, याची खात्री होईपर्यंत प्रवासाला निघू नये.

जागा निवडताना

अभयारण्ये आणि व्याघ्र प्रकल्प यांत कुत्रा नेऊ नये. ताम्हिणी, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि कोयना ही वन्यजीवांसाठी राखलेली क्षेत्रे आहेत. अंधारबनाची वाट ताम्हिणीच्या रानातून जाते आणि भंडारदऱ्याजवळचा रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दाट सावलीची ही ठिकाणे कुत्र्यासाठी आकर्षक वाटतात, परंतु तेथील भेकर, पिसोरी, शेकरू आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना कुत्र्याचा नुसता वासही अस्वस्थ करतो. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातही स्थानिक वनरक्षकाला आधी विचारून घ्यावे. लोहगड हा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील किल्ला आहे आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तेथील गर्दीत, अरुंद दरवाजांच्या नागमोडी वाटेवर कुत्रा नेणे त्याच्यासाठी आणि इतरांसाठीही गैरसोयीचे ठरते.

मग जावे कोठे? पहिल्या फेरीसाठी मी तिकोना पेठेचा परिसर सुचवतो. कामशेतहून पवनानगरमार्गे किंवा पुण्याहून पौड आणि कोळवणमार्गे तेथे पोहोचता येते. गावातून निघणारी वाट तिकोना किल्ल्याच्या सोंडेवरून वर चढते, वाटेत खडकात कोरलेला मारुती लागतो आणि पुढे तळजाईची लेणी व तिच्यापुढचे टाके येते. येथपर्यंतची चढण निरोगी कुत्र्याला सहज जमते. त्यापुढे बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या मात्र इतक्या उभ्या आणि उंच आहेत की उतरताना कुत्र्याचा सारा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. तेथे मी चिंगीला वर नेत नाही. सोबत दुसरे कोणी असेल तर आलटून पालटून वर जाऊन यावे, एकटे असल्यास लेण्यापासूनच परतावे. खाली पसरलेले पवनेचे पाणी तेथूनही डोळे भरून दिसते. समोर दिसणाऱ्या तुंग किल्ल्यावर कुत्रा नेण्याचा विचारही करू नये, कारण त्याचा चढ उघडा, निसरडा आणि बाजूला खोल उतार असलेला आहे.

देवराईत किंवा मंदिराच्या आवारात शिरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे. नकार मिळाला तर तो मनापासून मान्य करावा. ते रान त्यांच्या पूर्वजांनी देवाच्या नावाने राखले, म्हणूनच आज ते उभे आहे.

हंगाम आणि वेळ

सप्टेंबरच्या शेवटी सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, तेव्हापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. भर पावसात खडक शेवाळलेले असतात आणि ओढे अचानक चढतात. मार्च ते मे हे महिने पूर्णपणे टाळावेत: काळा कातळ सकाळी दहापर्यंतच तापतो, आणि वणवा लागून गेलेल्या माळावर जळक्या गवताचे बुडखे खिळ्यांसारखे उभे असतात. कातळावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहावी; आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यालाही सोसत नाही.

हिवाळ्यातही उजाडताच चालायला सुरुवात करून अकराच्या आत सावलीत परत येणे हा माझा नियम आहे. अंधारात चालू नये, कारण पहाट आणि संध्याकाळ या बिबट्याच्या फिरण्याच्या वेळा आहेत आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे.

पिशवीत काय असावे

गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीभोवती बसणारा हार्नेस अधिक चांगला, कारण घसरणाऱ्या कुत्र्याला त्याच्या पाठीवरच्या मुठीने वर ओढून घेता येते. दोरी दीड ते दोन मीटरची, साधी आणि मजबूत असावी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी करवंदीच्या जाळीत हमखास अडकते. पाण्याचे गणित असे: विश्रांती घेणाऱ्या कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते आणि चालताना ते दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यासाठी अर्ध्या दिवसाला, थोडे राखीव धरून, निदान दोन लिटर पाणी आपल्या पाण्याव्यतिरिक्त घ्यावे.

बारीक टोकाचा चिमटा, गॉजपट्टी, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, जखम धुण्यासाठी सलाईनची बाटली, एक जुना सुती मोजा आणि एक जाड चादर एवढे प्रथमोपचारासाठी पुरते. मोजा फाटलेल्या तळव्यावर चढवता येतो आणि चादरीत घालून दोन माणसे कुत्र्याला उचलून आणू शकतात. वेदनेत असलेला लाडका कुत्राही चावू शकतो, म्हणून कापडी मुसके जवळ असावे. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ही औषधे मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत. ती त्याच्यासाठी विषारी आहेत.

निघण्यापूर्वी दोन ते तीन तास आधी हलके खाणे द्यावे. पोट भरलेल्या, विशेषतः खोल छातीच्या कुत्र्याला लगेच पळवले तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. आपल्या शिदोरीतला वाटा देतानाही सावध राहावे. नुसती भाकरी किंवा उकडलेले अंडे चालते, पण कांदाभजी, कांदा-लसूण घातलेले पिठले, बेदाणे आणि चॉकलेट चालत नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात आणि द्राक्षे-बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

वाटेवर

दोरी सोडू नये. रान मोकळे दिसले, कुत्रा आज्ञाधारक असला, तरीही सोडू नये. गवतातून एखादा ससा उठला किंवा घोरपड सरपटली, तर त्या क्षणी कोणतीही आज्ञा पाळली जाईल याची शाश्वती नसते. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिला कुत्र्याने मारले तर तो आपला अपराध आहे. शिवाय या वाटांवर धनगरांच्या शेळ्या आणि वाड्यांतल्या कोंबड्या असतात. गाभण शेळी पाठलागाने पडली तर त्या घराचे मोठे नुकसान होते. कळप दिसताच वाटेच्या खालच्या बाजूला थांबून, कुत्र्याला बसवून, कळप जाऊ द्यावा. गावातील कुत्री भुंकत आली तर पळू नये आणि आपल्या कुत्र्याला उचलूनही घेऊ नये. त्याला जवळ ठेवून, नजर न रोखता, ठाम गतीने त्यांच्या हद्दीबाहेर पडावे. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळ असते, म्हणून अशा ठिकाणी अत्तर, धूर आणि भुंकणे तिन्ही टाळावे.

दर वीस मिनिटांनी थांबून पाणी द्यावे, एकदम पोटभर न देता थोडे थोडे. त्या थांब्यावर जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. हे मला एका ऑक्टोबरात शिकावे लागले. तिकोन्याहून उतरताना उशीर झाला होता आणि ऊन चांगलेच चढले होते. चिंगी वाटेतल्या एका करवंदीच्या जाळीखाली शिरली, पुढच्या पायांनी माती उकरली आणि मागचे पाय पसरून त्या ओल्या मातीवर पोट टेकून पडली. तिची जीभ टोकाला उलथन्यासारखी रुंद झाली होती आणि लाळ चिकट, तारेसारखी लोंबत होती. मी हाक मारली तशी ती शेपटी हलवत उठली, आणि त्या हलणाऱ्या शेपटीवर विश्वास ठेवून मी पुढे चाललो. शंभर पावलांवर तिचे मागचे पाय लटपटले. सोबतचे सगळे पाणी तिच्या पोटावर, जांघेत आणि पंजांवर ओतून टोपीने वारा घातला. अर्ध्या तासाने तिची धाप उतरली आणि मग उरलेली वाट मी तिला खांद्यावर घेऊन उतरलो. ती वाचली, पण त्या दिवशी चूक सर्वस्वी माझी होती.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ४१ अंशांच्या पुढे गेले की अवयवांना इजा होऊ लागते. माणसासारखा घाम त्याला येत नाही, धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो. रुंद झालेली जीभ, गडद लाल हिरड्या, सावली शोधणे, मागे रेंगाळणे यांपैकी काहीही दिसताच चालणे थांबवावे. उष्माघात झालाच, तर आधी जागेवरच थंड पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. ओले फडके अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते.

कुसळ, गोचीड आणि साप

पावसाळ्यानंतर माळावरचे कुसळी गवत वाळते आणि त्याची कुसळे सुटतात. ही कुसळे टोकाला सुईसारखी, मागे उलट्या केसांची असतात. त्यामुळे ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यात शिरलेले कुसळ दोन दिवसांत कातडीखाली जाते आणि तेथे गाठ येते. कानात गेले तर कुत्रा मान एका बाजूला कलती ठेवतो आणि डोके सारखे झटकतो. नाकात गेले तर एकामागून एक शिंका देतो. बाहेर दिसणारे कुसळ चिमट्याने, ज्या रेषेत शिरले त्याच रेषेत सरळ मागे ओढून काढावे. कानात किंवा नाकात मात्र स्वतः चिमटा घालू नये, ते काम पशुवैद्यांचे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघण्यापूर्वी बोटांमधले आणि कानांभोवतीचे केस कातरून घेतले, तर निम्मा त्रास कमी होतो. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांपासूनही कुत्र्याला दूर ठेवावे, कारण त्यांच्यावरची खाजरी लव त्याच्या अंगावरून आपल्या हातावर आणि घरातल्या अंथरुणावर येते.

गोचीड निव्वळ रक्त पीत नाही, तर तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया यांसारख्या सूक्ष्मजीवांचे जीवघेणे आजार येतात. निघण्याच्या काही दिवस आधी पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोचीडनाशक द्यावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून संथपणे सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल टाकू नये, चटका देऊ नये आणि बोटांनी चिरडू नये.

या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. तसे झाल्यास पट्टा आणि हार्नेस लगेच काढावा, कारण सूज मानेपर्यंत चढते. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून गाडीपर्यंत आणावे. प्रतिसर्पविष ठेवणारा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, हे घरातून निघण्यापूर्वीच फोन करून विचारून ठेवावे. रानात ही चौकशी करण्यात मोलाचा वेळ जातो.

पाण्यापाशी

आपल्याकडची ही "तळी" म्हणजे धरणांचे फुगवटे आहेत, हे ध्यानात घेतले की त्यांचे धोके समजतात. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ असते आणि जूनपर्यंत उतरत जाते. शिळिंबजवळचे वाघेश्वराचे जुने मंदिर वर्षातील बराच काळ पवनेच्या पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडे पडते, यावरून हा चढउतार किती मोठा आहे याची कल्पना यावी. पाणी उतरलेला काठ वरून भेगाळलेला आणि कोरडा दिसतो, पण पाण्याच्या कडेला तोच गाळ गुडघाभर खोल असतो. बुडालेल्या बांधांचे दगड, झाडांचे खुंट आणि मासेमारीची तुटलेली नायलॉनची जाळी पाण्याखाली असतात. म्हणून खडकाळ आणि मंद उताराची जागा निवडून आधी स्वतः पाय घालून पाहावे, कुत्र्याला तरंगते जाकीट घालावे आणि पाच मीटरची तरंगणारी दोरी लावावी. हिरवी साय आलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या पाण्यात उतरू देऊ नये. त्यातील नीलहरित शेवाळ विषारी असू शकते. धरणाच्या भिंतीखालच्या नदीपात्रात तर कधीच उतरू नये, कारण तेथे विसर्ग अचानक वाढतो. गळ ओठात घुसला तर तो ओढू नये, दोरा थोडा राखून कापावा आणि दवाखाना गाठावा.

पोहणे दहा मिनिटांपेक्षा अधिक नको. बाहेर आल्यावर कान आतून कोरड्या कापडाने टिपावेत.

मुक्काम असल्यास

रात्री कुत्रा तंबूच्या आतच, आपल्या शेजारी झोपला पाहिजे. बाहेर खुंट्याला बांधलेला कुत्रा बिबट्याला आमंत्रण ठरतो, आणि बांधलेला असल्याने त्याला पळताही येत नाही. उरलेले अन्न तंबूजवळ ठेवू नये. रात्री लघवीसाठी न्यावेच लागले तर विजेरी लावून, बोलत बोलत, दोरी आखूड धरून न्यावे. त्याची विष्ठा वाटेवर किंवा पाण्याजवळ सोडू नये. पिशवीत भरून परत आणावी, कारण हेच पाणी खालच्या गावांच्या पिण्याचे आहे.

परतल्यावर

गाडीत बसवण्यापूर्वी सावलीत पंधरा मिनिटे विश्रांती द्यावी, आणि चहासाठी थांबताना बंद गाडीत त्याला एकटे ठेवू नये. उन्हात दहा मिनिटांत आतील तापमान दहा अंशांनी वाढू शकते. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंग धुऊन नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा: कानांच्या आत, ओठांच्या कडांना, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि प्रत्येक बोटाच्या बेचक्यात. मी हे काम खिडकीपाशी, उजेडात, चिंगीला आडवी झोपवून करतो आणि सापडलेल्या गोचिडी साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकतो.

पुढचे दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. त्यानंतर तीन आठवड्यांपर्यंत ताप, खाण्यावरची वासना उडणे, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी किंवा लंगडणे यांवर लक्ष ठेवावे, आणि यांपैकी काही दिसले तर पशुवैद्यांना भेटताना कुत्रा कोणत्या तारखेला कोणत्या रानात आणि कोणत्या पाण्यात गेला होता हे आठवणीने सांगावे. त्यासाठी मी लसीच्या कार्डाच्या मागेच प्रत्येक फेरीची तारीख आणि जागा लिहून ठेवतो.